पंधरा मिनिटांचे व्हिएतनामी नूडल्स

क्लास घेणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी नको तेवढ्या साठतात. एक, आइस्क्रीमचे रिकामे डबे, दुसरी, किस्से. डबे निदान भंगारवाल्याला देता येतात. किस्से कोण नेणार? मग ते लग्नात जेवणाच्या रांगेत, हळदीकुंकवाला, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत सांगत राहायचे.

मी सुरतला अडाजणमध्ये राहते आणि दर शनिवारी दुपारी माझ्याच स्वयंपाकघरात कुकिंग क्लास घेते. केक झाले, पंजाबी झालं, मेक्सिकन झालं. पण सगळ्यात जास्त किस्से दिले ते व्हिएतनामी नूडल्सच्या बॅचनं. त्यातले अर्धे मी इतक्या वेळा सांगितलेत, की माझा नवरा पहिल्या वाक्यालाच पाणी प्यायला उठतो. उरलेले अर्धे त्यालाही माहीत नाहीत.

*

ही बॅच सुरू झाली हेतलबेनमुळं. हेतलबेन माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. साड्यांचं मोठं दुकान, तोंडभर हसणं आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो! ती नवऱ्याबरोबर ग्रुप टूरनं व्हिएतनामला जाऊन आली आणि विमानतळावरूनच मला फोन : ‘‘वंदनाबेन, पेला व्हिएतनामवाळा नूडल्स शीखवाडो ने!’’

मी व्हिएतनाम सोडा, मुंबईच्या पुढं कधी गेलेली नाही. पण क्लासवाल्या बाईनं ‘येत नाही’ म्हणायचं नसतं. आठवडाभर फोनवर व्हिडिओ बघितले. तांदळाचे नूडल्स, मोठी आच, लसूण, गाजर, कोबी, पातीचा कांदा, वरून लिंबू, पुदिना आणि भाजलेले शेंगदाणे. सोपं होतं! मी मेसेज टाकला : ‘व्हिएतनामी नूडल्स, घरच्या घरी, फक्त पंधरा मिनिटांत.’ अकरा जणींनी नाव दिलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मी हेतलबेनला म्हटलं, ‘‘चाखून सांगा, तिथल्यासारखी चव आहे का?’’

हेतलबेननं चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, त्यांच्या टूरबरोबर गुजराती महाराज होता, म्हणजे स्वयंपाकी. आठही दिवस खिचडी-कढी आणि थेपले!

‘‘मग नूडल्स?’’

‘‘खाधा नथी. पण रस्ता पर सुगंध बहु सरस आवती हती!’’

म्हणजे शिकवणारीनं तो देश बघितला नव्हता आणि ज्यांनी बघितला होता त्यांनी फक्त वास घेतला होता. अशा पायावर आमची बॅच उभी राहिली!

*

वासावरून आठवलं. खऱ्या रेसिपीत फिश सॉस लागतो. आमची सोसायटी पक्की शाकाहारी. तरी मी गुपचूप एक बाटली मागवली. म्हटलं, आपल्याला तरी कळू दे काय प्रकार आहे. दारं-खिडक्या बंद करून झाकण उघडलं आणि घाईत अर्धी बाटली ओट्यावर सांडली.

दहा मिनिटांत सोसायटीचे चेअरमन दारात. ‘‘वंदनाबेन, गॅस लीक थाय छे!’’

‘‘व्हिनेगर आहे’’, मी म्हटलं. त्यांना पटलं नाही. त्यांनी गॅसच्या लाइनवाल्याला बोलावलं. तो ओडिशाचा होता, शांत माणूस. त्यानं मशीन लावलं, पाइप तपासला, मग ओट्याजवळ उभा राहून डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

‘‘साहब, लीकेज नहीं है’’, तो चेअरमनना म्हणाला. मग माझ्याकडं वळून अगदी हळू आवाजात, ‘‘मैडम, हमारे गाँव में सुखुआ भूनते हैं तो ऐसी ही खुशबू आती है.’’ सुखुआ म्हणजे सुकी मासळी!

उरलेली अर्धी बाटली मी त्यालाच देऊन टाकली. त्यानं ती शर्टाच्या आत लपवून नेली, चेअरमनच्या समोरून!

*

दक्षाबेनचा किस्सा मात्र सगळीकडं हिट आहे. वयानं सगळ्यात मोठ्या, वहीत सगळं लिहून घेणाऱ्या. पहिला प्रश्न : ‘‘आमां बटाका नाखी शकाय?’’ बटाटे नाही म्हटल्यावर दुसरा : ‘‘ऊपर सेव?’’

घरी करून बघितल्यावर त्यांच्या मिस्टरांनी स्वतः फोन केला. ‘‘बेन, तमे पंदर मिनिट कह्युं हतुं. अहीं दोढ कलाक थयो!’’ दीड तास कसा लागला? तर दक्षाबेननं गाजर आणि कोबी उंधियूच्या निगुतीनं चिरला होता. तोवर नूडल्स उकळत होते!

‘‘वंदनाबेन, नूडल्सनो लोचो थई गयो’’, मागून त्यांचा रडका आवाज.

आता सुरतेत लोचो म्हणजे गडबडही आणि लोचो म्हणजे आवडता नाश्ताही. वाफवलेल्या डाळीचा मऊ लगदा, वर तेल, मसाला, कांदा, शेव. मी म्हटलं, मग लोचोसारखंच वाढा की! त्यांनी वर लोचोचा मसाला आणि मूठभर शेव घातली. मिस्टरांनी दोनदा मागून घेतलं. पुढच्या शनिवारी वहीत रेसिपीचं नाव बदललेलं होतं : ‘व्हिएतनामी लोचो.’

*

इथवरचे किस्से मी रंगवून सांगते. आता पुढचे.

माझं नाव वंदना पाटील. वडील साक्रीकडचे, खान्देशातले. उभं आयुष्य सुरतच्याच दुसऱ्या टोकाला, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये गेलं. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. आई अजून तिथंच पांडेसऱ्यात राहते आणि माझ्याशी दुसऱ्या भाषेत बोलतच नाही.

अडाजणला नवीन फ्लॅट घेतला, क्लास सुरू केला, तेव्हा पहिल्याच बॅचमध्ये एकीनं सहज विचारलं, ‘‘तमे मराठी छो? अमारां कामवाळां बेन पण मराठी ज छे.’’ तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मात्र ते जाऊन बसलं. पुढं कुरियरवाल्यानं पाकिटावर पाटीलचं पटेल केलं. मी सही केली आणि पाकीट घेतलं. दाराबाहेरची पाटीही ‘वंदनाबेन’ एवढीच केली. खोटं कधी बोलले नाही! लोक समजायचे ते समजू दिलं, इतकंच. हे ‘इतकंच’ मी स्वतःला फार वर्षं सांगितलं.

*

तर त्या बॅचच्या दुसऱ्या शनिवारी दाराची बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई, घामानं भिजलेली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्वतःची लोखंडी कढई! पांडेसऱ्याहून बस आणि मग रिक्षा करून आली होती. माझा मेसेज फिरत फिरत कुणाच्या तरी फोनवरून तिच्या मुलीकडं पोचला होता.

तिचं नाव सुमन. माझ्याकडं बघून तिनं जे बोलायला सुरुवात केली, ते थेट माझ्या आईच्या ओट्यावरचं बोलणं. ‘‘ताई, माले गुजराती जास्त कयत नई. दोन वरीस व्हयनात सुरतमा ईसन.’’ मग दारातच तिनं सगळं सांगितलं. नवरा मिलमध्ये रंगाच्या मशीनवर होता, वाफेनं उजवा हात भाजला, आता त्या हातानं काम होत नाही. ती घरी साड्यांना लेस लावते, त्यात भागत नाही. मिलच्या गेटबाहेर खाण्याची लारी, म्हणजे हातगाडी, टाकायची आहे. चायनीजवाले तिथं आधीच चार जण आहेत. मुलगी म्हणाली, आई, तू काहीतरी नवीन शिक.

मला शब्दन् शब्द कळला. कुठला शब्द साक्रीकडचा आणि कुठला शिरपूरकडचा, तेही कळलं.

आतून हेतलबेननं विचारलं, ‘‘शुं कहे छे?’’

मी म्हटलं, ‘‘कंई नइ, फीनुं पूछे छे.’’ म्हणजे काही नाही, फीचं विचारतेय.

आणि सुमनबाईंना हिंदीत म्हटलं, ‘‘क्लास गुजराती में होता है. बैठना है तो पीछे बैठो.’’

त्या बसल्या. कढई मांडीवर घेऊन.

*

त्या दिवशी प्रत्येकीनं स्वतः नूडल्स करायचे होते. यातली खरी गोम एकच आहे. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, मग नूडल्स टाकून आठ मिनिटं झाकून ठेवायचे. गॅस चालू राहिला की संपलं. हे मी गुजरातीत दोनदा सांगितलं. हेतलबेन माझा व्हिडिओ काढत होती, म्हणून जरा झोकात सांगितलं.

सुमनबाईंचा गॅस चालू होता. मी बघितला. मधे चार पावलांचं अंतर. ‘बंद करा’, एवढेच दोन शब्द. म्हटलं, व्हिडिओ संपू दे, मग सांगू.

व्हिडिओ संपला तेव्हा कढईत खीर झाली होती. सगळ्या जमल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘अरे, आ तो शेवभाजीनी शेव थई गई!’’

काय हसल्या सगळ्या! आणि सुमनबाईही हसल्या. त्यांना एकच शब्द कळला होता, शेवभाजी. पण त्या शब्दानं त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तिकडं बघवेना. शेवभाजी खान्देशातली. गुजरातणीला ती कशी माहीत?

क्लास सुटल्यावर त्या रेंगाळल्या. कढईतला लगदा डब्यात भरत म्हणाल्या, ‘‘घर खाई लेसूत.’’ मग अगदी जवळ येऊन, ‘‘ताई, तुमनं माहेर कोनतं व?’’

‘‘सूरत’’, मी म्हटलं.

‘‘तोंड तं आपलाकडलं वाटस.’’

‘‘सब ऐसा ही बोलते हैं’’, मी म्हटलं आणि ओटा पुसायला लागले. ओटा पुसून झालेला होता.

*

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. मला बरं वाटलं. हे लिहायलाही नको वाटतं, पण बरं वाटलं होतं.

फी घेताना मी त्यांचा नंबर क्लासच्या ग्रुपवर घातला होता. महिन्याभरानं एके सकाळी त्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. सुमनबाईंचा. मागं ट्रकचे हॉर्न, कुणीतरी चहा मागतंय, आणि त्यातून त्यांचा घाबरा आवाज : ‘‘ताई, लारी लाई दिनी व आज. पन नूडल चिकटी जातस. गिऱ्हाईक उभं शे. काय करू, सांगा ना.’’

पहिला दिवस होता त्यांच्या लारीचा! लारी लावली होती, गिऱ्हाईक समोर उभं होतं, नूडल्स एकमेकांना चिकटत होते.

उत्तर एका ओळीचं होतं. काढल्यावर गार पाणी ओता आणि चमचाभर तेल चोळा.

ग्रुपवर हेतलबेननं लिहिलं, ‘कोईने समजायुं?’ दक्षाबेननं लिहिलं, ‘ना.’ आणखी तिघींनी ना लिहिलं. मी सुमनबाईंच्या नंबरवर वेगळा मेसेज लिहायला घेतला. अहिराणी मी आयुष्यात कधी लिहिली नव्हती. एक शब्द लिहिला, खोडला. हिंदीत लिहिलं, तेही खोडलं. म्हटलं, कळलं कसं म्हणून विचारलं तर? मग ग्रुपवर परत आले आणि लिहिलं, ‘मने पण नहीं’, आणि पुढं एक हसरा चेहरा.

दुपारी बघितलं तर सुमनबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

हे ओझं मी दीड वर्ष वागवलं आणि मग एकदा, दिवाळीच्या फराळाच्या क्लासनंतर, हेतलबेन एकटी मागं थांबली असताना तिच्यासमोर बोलून टाकलं. म्हटलं, ‘‘हेतलबेन, एक सांगायचंय. मी पटेल नाही. पाटील आहे. मराठी.’’

हेतलबेन चकली खात होती. खातच राहिली.

‘‘ए तो अमने पहेलेथी खबर छे!’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तमे फोन पर मम्मी साथे लडो छो, ते कई भाषामां लडो छो?’’

सगळ्यांना माहीत होतं! पहिल्या बॅचपासून! मी आतल्या खोलीत जाऊन दबक्या आवाजात आईशी भांडायचे आणि बाहेर अकरा बायका मन लावून ऐकायच्या. दक्षाबेनना तर ‘कयत नई’ म्हणजे ‘समजत नाही’ हेसुद्धा पाठ होतं!

मी हसले. हेतलबेन हसली. मग तिनं चकलीचा शेवटचा तुकडा हातात धरून विचारलं, ‘‘तो पेली कढाईवाळी बेन आवी हती, एनी साथे तमे हिंदीमां केम बोलतां हतां?’’

मी म्हटलं, चहा टाकते.

*

यंदा उन्हाळ्यात आईच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं म्हणून मी आठवडाभर पांडेसऱ्याला राहायला गेले. एका संध्याकाळी तिचं औषध आणायला निघाले. मिलची पाळी सुटली होती. सायकली, डबे, रंगानं निळे-जांभळे झालेले हात, सगळा रस्ता माणसांनी भरलेला. गेटच्या पलीकडं एका लारीभोवती गर्दी होती. वर हातानं रंगवलेली पाटी : ‘वियतनामी नूडल.’

मोठ्या आचेवर तीच लोखंडी कढई. बाजूला एक माणूस डाव्या हातानं प्लेटा मांडत होता.

मी दोनदा मागं फिरले. औषध घेऊन आले, परत उभी राहिले. शेवटी पुढं गेले. बारा-तेरा वर्षांत घराबाहेर अहिराणीचा शब्द उच्चारला नव्हता.

‘‘सुमनताई, माले वळखं का?’’

त्यांनी मान वर केली. हातातला झारा तसाच. क्षणभर बघितलं. मला वाटलं, आता ही बाई काहीही म्हणाली तरी ऐकून घ्यायचं.

‘‘अहो, सरका रे, सरका बाजूले!’’ त्या एकदम गर्दीवर ओरडल्या. ‘‘हाई मन्ही मास्तरीन शे! अडाजनथून उनी! इनीच शिकाडं माले हाई नूडल!’’

माणसं खरंच सरकली. कुणीतरी स्टूल पुढं केलं, निळ्या हातांच्या एका म्हाताऱ्या कामगारानं ते गमछ्यानं पुसलं. ‘‘बसा मॅडम.’’ सुमनताईंच्या नवऱ्यानं डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला. मी बसले. काय करणार?

सुमनताईंनी माझ्यासाठी नवीन घाणा टाकला. लसूण, हिरव्या मिरचीचा ठेचा, कोबी, मग नूडल्स. कढई अशी हलवली, की मला आजही तशी जमत नाही. वरून शेंगदाण्याचा कूट, लिंबू. प्लेट त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. पदरानं कपाळ पुसलं आणि परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या समोर उभ्या राहिल्या. सगळी गर्दी माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी पहिला घास घेतला.

‘‘ताई, मनमा काहीच ठेवू नका’’, त्या म्हणाल्या. ‘‘खरं सांगा. मन्हं काय चुकनं?’’